एक वाजून अकरा मिनिटांपर्यंत

११ नोव्हेंबर २०२५, मंगळवार

चौदा महिन्यांनी ही वही उघडते आहे. शेवटच्या पानावर 'उद्यापासून रोज लिहीन' असं माझ्याच अक्षरात आहे, ते वाचून लाज वाटली. माफी मागायची तर कुणाची? वहीला काय फरक पडतो. तरी मागते. सगळं सुरळीत होतं तेव्हा आठवण झाली नाही आणि आज झाली, हे काही चांगलं लक्षण नाही.

दुपारचे अडीच वाजलेत. मुलं झोपली आहेत. अकरापैकी दहाच आहेत. गोलू आलेला नाही.

कालचं क्रमाने लिहून ठेवते, म्हणजे पुढे माझाच गोंधळ होणार नाही. गोलू अडीच वर्षांचा, आमच्याच लेआउटमधल्या अदिती आणि ऋषीचा मुलगा. वर्षभरापासून माझ्या पाळणाघरात येतो. काल सकाळी नऊ वीसच्या सुमारास अदिती त्याला घेऊन आली. सोमवार, त्यामुळे आईला सोडेना. मी त्याला आत घेतलं. बराच रडला. मग खेळला नाही, ठोकळे पुढे केले तर तोंड फिरवलं, दिवसभर किरकिर चालू होती. जेवण माझ्या मदतनीस अंजनाबाईंनी भरवलं. दोन ते साडेतीन झोपला. उठवून पाळण्यातून काढताना जोरात रडला. हे मला अंजनाबाईंनी स्वतःहून येऊन सांगितलं. मी तेव्हा स्वयंपाकघरात मुलांचा खाऊ काढत होते.

संध्याकाळी अदिती न्यायला आली. स्वेटर घालायला लागली तर गोलू डावा हात वर करेना. डॉक्टरकडे नेला. कोपराचं हाड जागचं सरकलं होतं. डॉक्टरांनी मिनिटभरात बसवलं आणि म्हणाले, कुणीतरी हाताला हिसका दिला असेल, लहान मुलांत असं होतं.

रात्री अदितीचा फोन. "ताई, मी स्वतः पाहिलंय. साडेतीनला ऑफिसमधून मोबाइलवर तुमचा कॅमेरा उघडला होता. ती बाई गोलूला हाताला धरून उचलत होती."

"हाताला धरून, की काखेत धरून?"

"मी काय मोजपट्टी घेऊन बसले होते का, ताई?"

मी चूक प्रश्न विचारला का? मला वाटतं प्रश्न बरोबर होता, वेळ चूक होती.

अंजनाबाई नऊ वर्षांपासून माझ्याकडे आहेत. पाळणाघर सुरू झालं त्याच महिन्यात आल्या. त्यांना आज सकाळी सांगितलं की चौकशी होईपर्यंत घरी थांबा. त्या म्हणाल्या, "मी काखीत हात घालून उचललं त्याले, ताई. तुमाले मालूम आहे मी कशी उचलते ते." मी म्हणाले, मला माहीत आहे, पण इतरांना माहीत नाही. हे वाक्य मला तेव्हा न्यायाचं वाटलं. आता लिहिताना तेवढं वाटत नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

मोठ्या खोलीत एकच कॅमेरा आहे, दारापासून पाळण्यांपर्यंत सगळं त्यात येतं. सोमवारचा दिवस रेकॉर्डिंगच्या मशीनमध्ये आहे. पंधरा दिवस राहतो, मग त्यावर नवीन चढतं. म्हणजे घाई नाही, पण उशीरही करायचा नाही.

अंजनाबाई सकाळी आल्याच, सुनेला, मेघाला, घेऊन. फाटकातच उभ्या राहिल्या. "ताई, पुरा दिवस कायले काढता? दुपारचा तेवढा अर्धा घंटा काढा ना. तुमीच पाहून घ्या आनि सांगून टाका त्याहिले."

मी नाही म्हणाले. कारणं लिहिते. एक, अर्धाच तास काढला तर उद्या कुणीही म्हणेल, आधीचं-नंतरचं का लपवलं? दोन, मी एकटीने पाहिलं तर माझं मत तयार होईल, आणि मग मी जे बोलेन ते कुणाच्या तरी बाजूचं असेल. म्हणून नऊपासून सातपर्यंत अख्खा दिवस, न कापता काढायचा, आणि सगळ्यांसमोरच पहिल्यांदा पाहायचा. मीही.

मेघा हळूच म्हणाली, "आत्या, चाल वं. ताईले अजून भरोसा नाई." मी ऐकलं नाही असं दाखवलं.

तिसरं कारणही आहे. मी पाहिलं आणि त्यात अंजनाबाईंनी खरंच हात ओढलेला दिसला तर? ते एकटीने पाहण्याची माझी हिंमत नव्हती. हे इथे लिहिते, कारण इथे तरी लिहिलं पाहिजे.

दुपारी काम केलं. कॅमेरे बसवणाऱ्या अंकुशने फोनवर सांगितलं तसं. चौसष्ट जीबीचा नवा पेन ड्राइव्ह लावला. मशीनने विचारलं, हा फॉरमॅट करावा लागेल, करू? हो म्हटलं. मग विचारलं, तासातासाचे तुकडे करू की एकच फाइल? एकच. तुकडे म्हटले की संशय आलाच. पट्टी हळूहळू सरकत गेली आणि शेवटी 'पूर्ण' असं आलं. फाइल उघडून पाहिली. कोपऱ्यात नऊची वेळ, रिकामी खोली, मी सतरंजी अंथरते आहे. लगेच बंद केली. आकार ३.९९ जीबी. चौसष्टमध्ये आरामात बसली.

समाधान वाटलं. पुष्कळ दिवसांत एवढं नीट काम मी केलं नव्हतं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

अदितीचं म्हणणं, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. तिथे एवढी मोठी फाइल जात नाही. ईमेलवर तर पंचवीस एमबीच्या पुढे काही चिकटतच नाही. ती म्हणाली, "मग छोटी करून पाठवा ना." छोटी केली की चेहरे पुसट होतात, आणि पुन्हा तोच प्रश्न, कुणी केली, कशी केली. मी म्हणाले, पेन ड्राइव्ह लिफाफ्यात घालून बापूजींकडे ठेवू.

बापूजी म्हणजे आमच्या लेआउटमधले निवृत्त मुख्याध्यापक. नळाच्या भांडणापासून घटस्फोटापर्यंत सगळं त्यांच्याच बैठकीत येतं. ते मधे पडले म्हणूनच ऋषी पोलिसांत गेला नाही. ऋषी कंपनीच्या कामाने पुण्याला आहे, २८ला येणार. म्हणून रविवार, ३० तारीख ठरली.

लिफाफ्यावर चिकटपट्टी, पट्टीवर माझी सही, अदितीची सही, अंजनाबाईंची सही. अंजनाबाईंनी वरचं सगळं वाचून मग सही केली. बरोबरच केलं.

बापूजी म्हणाले, "यमुताई, एवढा बंदोबस्त तर बोर्डाच्या पेपरलेही नसते." सगळे हसले. अदिती हसली नाही, अंजनाबाईही नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार

लेआउटच्या ग्रूपवर अदितीने लिहिलं आहे. नाव घेऊन. 'लहान मुलं असणाऱ्यांनी सावध राहा.' खाली चोवीस जणांचे जोडलेले हात आणि रागाचे चेहरे. अंजनाबाई सकाळी सहा ते आठ ज्या दोन घरी बाळांना न्हाऊ-माखू घालायच्या, त्या दोन्ही घरांनी त्यांना नको म्हणून सांगितलं.

मी ग्रूपवर काय लिहावं याचा मसुदा चार वेळा केला. 'चौकशी पूर्ण होईपर्यंत कुणीही निष्कर्ष काढू नये.' मग वाटलं, हे मी लिहिलं तर बाजू घेतल्यासारखं होईल. नाही पाठवला.

नवीन बाई ठेवलेली नाही. एकटीने दहा मुलं होत नाहीत. कंबर गेली.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

आज मशीनमधला दहा तारखेचा दिवस पुसला गेला असेल. लिफाफा आहे, चिंता नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

काय झालं ते जसंच्या तसं लिहिते.

सकाळी अकरा वाजता बापूजींच्या बैठकीत. अदिती, ऋषी, मी, माझे यजमान वसंत, अंजनाबाई आणि मेघा. अंजनाबाई खाली बसायला लागल्या तर बापूजी म्हणाले, "खुर्चीवर बस वं बाई, आज सगळ्याहिले खुर्च्या आहेत." लिफाफा सगळ्यांना फिरवून दाखवला. सह्या शाबूत होत्या. पेन ड्राइव्ह टीव्हीला लावला. नऊ वाजले, रिकामी खोली, मी सतरंजीवर.

ऋषी म्हणाला, "हे कशाला पाहायचं? डायरेक्ट साडेतीनवर न्या." रिमोट त्यानेच घेतला आणि पुढे पळवलं. मुलं मुंग्यांसारखी इकडून तिकडे. दहा, अकरा, बारा. एक. आणि एक वाजून अकरा मिनिटांवर अंजनाबाई कुणालातरी वरण-भात भरवत आहेत, चमचा अर्ध्यावर, आणि चित्र गेलं. टीव्हीवर फायलींची यादी आली. यादीत एकच फाइल.

ऋषीने पुन्हा लावलं. पुन्हा एक वाजून अकरा.

"घ्या," बापूजी म्हणाले, "इंटरव्हलच्या आधीच संपलं गा हे." त्यांनी वातावरण हलकं करायला म्हटलं असेल. कुणाला हसू आलं नाही.

"साडेतीन पाहायचं आहे आणि दीडच्या आत बंद?" ऋषी म्हणाला. "कमाल आहे मशीनची. कुठे बंद पडायचं ते बरोबर कळतं तिला."

मी म्हणाले, मी काही कापलेलं नाही. माझा आवाज मलाच खोटा वाटला.

अदिती म्हणाली, "तुम्ही कापलं असं कोण म्हणतंय, ताई? तुम्हीच म्हणताय."

वसंत उठून उभे राहिले. "ऋषी, बोलताना जरा भान ठेवा. ताई आहे ती."

"काका, ताई आहेत म्हणूनच बापूजींच्या घरी बसलोय. नाहीतर पोलीस ठाण्यात बसलो असतो."

बापूजींनी दोघांना बसवलं. अंजनाबाईंनी एकदाच माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं रागाचं नव्हतं. कसलं होतं ते मला कळलं नाही. मग त्यांनी पदर सारखा केला आणि मेघाला म्हणाल्या, "चाल वं. पिक्चर संपला."

ठरलं असं: पोलिसांत कुणी जाणार नाही. गोलू आता घरीच राहील, अदितीची आई पारशिवनीहून आली आहे. अंजनाबाईंना मी परत घ्यायचं नाही. बापूजींनी माझ्याकडे पाहिलं आणि मी मान हलवली. मी मान हलवली.

१ डिसेंबर, सोमवार

अंकुश येऊन गेला. मशीन उघडून बसला तासभर. दहा तारखेवर पंचवीसचं चढलं आहे, आता काही निघत नाही.

मग समजावून सांगितलं. मशीनने पेन ड्राइव्ह जुन्या पद्धतीने फॉरमॅट केला. त्या पद्धतीत एक फाइल चार जीबीच्या वर जाऊच शकत नाही, पेन ड्राइव्ह कितीही मोठा असो. "ताई, गोडाऊन मोठं आहे, पन पोतं चारचंच आहे. पोतं भरलं की मशीननं तोंड बांधलं. बाकीचं सांडलं."

"पण 'पूर्ण' लिहिलं होतं."

"त्याच्या हिशोबानं पोतं पूर्णच झालं ना. तासातासाची करू का, असं विचारलं असेल तिनं?"

"विचारलं होतं. मीच नाही म्हणाले."

"काहून?"

मी सांगितलं. तुकडे दिसले तर संशय येईल म्हणून. तो हत्यारं पिशवीत भरत म्हणाला, "टेन्शन नका घेऊ, ताई. होते असं." चहा न घेता गेला.

अर्धा तास काढला असता तर जेमतेम अर्धा जीबी झाला असता. तुकडे केले असते तर दहाही आले असते. आकार नीट पाहून एक गुणाकार केला असता तरी कळलं असतं. बी.एस्सी.ला गणित होतं माझं. मी प्रामाणिकपणा करण्यात इतकी गुंतले होते की काम तपासलंच नाही.

आणि आता अंजनाबाई निर्दोष आहेत की नाहीत हे कुणालाच कधी कळणार नाही. मलाही. हे सगळ्यात वाईट आहे, की मी 'मलाही' असं लिहिते आहे.

३ डिसेंबर, बुधवार

बापूजींनी पेन ड्राइव्ह परत पाठवला. पुसून ठेवावा, मुलांची गाणी टाकता येतील, असं मनात आलं. पण काहीही न पाहता पुसणं मला जमत नाही. दुपारी मुलं झोपल्यावर लॅपटॉपला लावला. नऊपासून बघू लागले, वेग वाढवून.

नऊ एकवीसला थांबवलं. मागे घेतलं. साध्या वेगाने लावलं.

अदिती दारात आहे, फोन कानाला. गोलूने तिची ओढणी मुठीत धरली आहे. मी येते. उजव्या हातात हजेरीचं रजिस्टर आहे, म्हणून डावा हात पुढे करते आणि त्याचा डावा हात मनगटाशी धरते. तो खाली बसकण मारतो, मुलं मारतात तशी, सगळं अंग सोडून. त्याच क्षणी मी वर ओढते. एकदाच. त्याचे पाय जमिनीवरून उचलले जातात. तोंड उघडतं. आवाज नाही, आमच्या कॅमेऱ्याला आवाज नाही. अदिती तोवर वळली आहे, फोनवर बोलत फाटकाकडे गेली आहे. मी त्याला सतरंजीवर टेकवते आणि टेबलाशी जाऊन रजिस्टरमध्ये लिहिते. वेळ लिहीत असणार. वेळ लिहायला मी कधी चुकत नाही.

मागून अंजनाबाई येतात. वाकून, दोन्ही काखांत हात घालून त्याला उचलतात. त्याचा डावा हात नुसता लोंबतो आहे. त्या माझ्याकडे बघून काहीतरी बोलतात. मी मान वर न करता हलवते. लिहीत राहते.

तिथून एक अकरापर्यंत सगळं पाहिलं. डावा हात एकदाही हलत नाही. बिस्किट उजव्या हाताने. पाण्याचा पेला अंजनाबाई धरतात. साडेदहाला ठोकळे येतात, तो उजव्या हाताने एक उचलतो, दुसरा उचलायला हात नाही, म्हणून पहिलाही टाकून देतो. मी बाजूलाच बसले आहे. दुसऱ्या मुलीची वेणी घालते आहे.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, जोरात नाही ओढलं. दुसऱ्यांदा वाटलं, जोरात आहे. मग सहा वेळा पाहिलं. जोरात आहे की नाही हा प्रश्नच नाही, पाय उचलले गेले आहेत.

ओळखीच्या एका डॉक्टरांना फोन केला, नाव न सांगता विचारलं. ते म्हणाले, मनगट धरून झटक्यात वर ओढलं की असं होतं, आणि मूल त्या क्षणापासून तो हात वापरायचं थांबतं. दुपारपर्यंत वाट बघत नाही.

वही मागे उलटून अकरा तारखेची नोंद वाचली. 'मी त्याला आत घेतलं.' एवढंच लिहिलं आहे. मी खोटं लिहिलं का? नाही, मला तसंच आठवत होतं. हे खोट्यापेक्षा बरं आहे की वाईट, ठरवता येत नाही.

टीव्हीवर हे सगळ्यांसमोर लावलं होतं. ऋषीने पळवलं. मीही म्हणाले नाही, थांब, सकाळपासून बघू. अख्खा दिवस हवा असा हट्ट माझाच होता.

४ डिसेंबर, गुरुवार

आज अदितीला सांगायचं होतं. नाही सांगितलं.

५ डिसेंबर, शुक्रवार

वसंतना दाखवलं. त्यांनी उभ्याउभ्याच पाहिलं, मग खुर्ची ओढून बसले.

"हे आणखी कुणी पाहिलंय?"

"नाही."

"मग राहू दे. पोराचा हात बरा आहे. परवा पाहिला मी त्याला बगिच्यात, झोका खेळत होता. बाईंना दुसरीकडे काम लागेल. इथे दहा घरची मुलं आहेत, यमू. नऊ वर्षं घातलीस तू यात. एका झटक्यासाठी सगळं बुडवतेस?"

"झटका माझा होता."

"अपघात होता."

"मग अंजनाबाईंचा का अपघात नव्हता? तेव्हा आपण त्यांना अपघात म्हणू दिलं नाही."

ते म्हणाले, "तुला काय, सजा भोगायचीच हौस आहे." चिडून म्हणाले, पण मी दिवसभर त्यावर विचार करते आहे. तसं असेल का? कबूल करून मोकळं व्हायचं, चांगलं वाटून घ्यायचं, हीच माझी इच्छा असेल तर तीही स्वतःसाठीच झाली. पण मग न सांगणं कुणासाठी होईल? तेही स्वतःसाठीच. म्हणजे हा विचार कामाचा नाही. सांगितलं तर अंजनाबाईंचं नाव साफ होतं, एवढंच धरून ठेवायचं.

आधी अंजनाबाईंना सांगणार.

७ डिसेंबर, रविवार

सक्करदऱ्याला, अंजनाबाईंच्या घरी जाऊन आले. नऊ वर्षांत त्यांच्या घरी मी दोनदा गेले होते, दोन्ही वेळा लग्नाला.

अंजनाबाई ओट्यावर ऊन घेत मेथी निवडत बसल्या होत्या. मला पाहून उठल्या नाहीत. यापूर्वी त्या उठल्या असत्या. "या, ताई," म्हणाल्या, "मेघा, चहा ठेव वं." आतून भांड्याचा आवाज आला.

मी प्रस्तावना केली नाही, तसं ठरवूनच गेले होते. म्हणाले, "गोलूचा हात माझ्याकडून सरकला. सकाळी, दारात. मी बुधवारी व्हिडिओत पाहिलं."

त्या मेथीची काडी मोडत म्हणाल्या, "मले मालूम होतं."

मला समजायला वेळ लागला. "काय माहीत होतं?"

"तुमी वढलं ते. मी मागंच तं होती. पोरगं रडून राहिलं होतं, हात पाडून."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं ना. तवाच म्हटलं, ताई, जरा हळू, हाताले लागलं त्याच्या. तुमी 'हो हो' म्हटलं."

व्हिडिओत मी मान हलवते, ती ही होती.

मी म्हणाले, "पण नंतर? अदिती तुमचं नाव घेत होती तेव्हा?"

"मले वाटलं तुमाले मालूम आहे." त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "तुमी एवढ्या टाइम लिहिनाऱ्या, हात धुवायच्या आधी तारीख लिहिनाऱ्या. म्हटलं ताई सांगतीन. आज नाई तं उद्या सांगतीन. मीच बोलली असती तं लोकं म्हनले असते, मालकिनीवर ढकलते. तुमी पुरा दिवस काढतो म्हटलं, तवा मले बरं वाटलं. म्हटलं, पुरा दिवस काढते म्हनजे सकाळही आलीच. आता सगळ्याहिच्या समोर दिसनच."

"आणि तिथे बंद पडलं तेव्हा?"

"तवा वाटलं, कापलं."

"पण सकाळचं तर शाबूत होतं, अंजनाबाई. दुपारचं गेलं."

"हो. पन सकाळचं कोन पाहते?"

मेघा चहा घेऊन आली. कप माझ्यापुढे ठेवला, थोडा सांडला, पुसला नाही. "आता काय करू आमी तुमच्या या सांगन्याचं?" ती म्हणाली. "दोन घरं गेली आत्याची. रस्त्यानं जाते तं बाया पोरं कडेवर घेते. तुमी इथं येऊन सांगता, ओट्यावर, आमाले. ग्रूपवर टाका ना."

"मेघा," अंजनाबाई म्हणाल्या.

"नाई आत्या, बोलू दे. त्या गोष्टीचं पुरं पान लिहितीन घरी जाऊन, आनि बंद करून ठेवतीन."

हे तिला कसं कळलं? वही मी कधी कुणाला दाखवलेली नाही. मग वाटलं, दुपारी मुलं झोपली की अंजनाबाई शेजारी बसून गोधडी शिवायच्या. त्यांना काय दिसत नव्हतं?

मी म्हणाले, मी तुम्हाला आधी सांगायचं ठरवलं होतं.

अंजनाबाईंनी निवडलेली मेथी सुपातून टोपलीत घेतली. "मले काय सांगता, ताई. मले तं मालूमच होतं. ज्याले मालूम नाई त्याले सांगा."

कामावर परत या, असं म्हणायचं म्हणून मी गेले होते. ते तोंडातून निघालं नाही. माफी मागितली. त्यांनी 'बरं' म्हटलं. 'माफ केलं' म्हटलं नाही, आणि मला ते न म्हटलेलंच बरोबर वाटलं. निघताना चहा घेतला का म्हणून विचारलं. घेतला होता.

परत येताना ऑटोत बसून अदितीला मेसेज लिहायला घेतला. दोन ओळी झाल्या. 'एका तांत्रिक अडचणीमुळे आधी लक्षात आलं नाही' अशी तिसरी ओळ आपोआप आली. सगळं पुसलं. त्या अडचणीने दुपार नेली, सकाळ नेली नव्हती. सकाळ तर पहिल्यापासून माझ्या डोळ्यांसमोर होती.

वसंत जेवताना एवढंच म्हणाले, "उद्या किती मुलं येतील, बघू." म्हणजे त्यांनाही कळलं आहे.

अदिती सोमवारी सव्वानऊला निघते. ऋषी घरी असतो. तिची आई असेल. गोलूही असेल, मला पाहून कदाचित आत पळेल, कदाचित नाही. त्यांना सांगून झाल्यावर ग्रूपवर काय आणि कुणी लिहायचं ते अंजनाबाई ठरवतील, मी नाही.

उद्या: सकाळी आठला अदितीच्या घरी.